मंगळावर पाणी कोण भरतं?

थळच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर समुद्रात दोन किल्ले दिसतात. अलीकडचा उंदेरी, पलीकडचा खांदेरी. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही सगळी आते-मामेभावंडं आत्याकडे जमायचो आणि ओहोटीला उघड्या पडलेल्या काळसर वाळूचा मंगळ करून टाकायचो. उंदेरी अमेरिकेचा तळ, खांदेरी रशियाचा. डोक्यावर पत्र्याचे डबे, हातात सुरूच्या वाळक्या फांद्या. नियम एकच, पण कडक. मंगळावर हवा नाही, तेव्हा श्वास रोखून धावायचं. मध्येच जो श्वास घेईल तो मेला. सुरूच्या झाडाला हात टेकला की गडी आपल्या यानात पोचला, मग हवी तेवढी हवा. दुपार कलेपर्यंत आम्ही गाल फुगवून, डोळे वटारून एकमेकांवर चाल करून जायचो. पडलेले गडी वाळूत आडवे होऊन धापा टाकत पुढच्या जन्माची वाट बघायचे.

संध्याकाळी आत्या हाक मारायची. ती नुसत्या जेवणासाठी नसायची. वाडीतली विहीर घरापासून बरीच लांब होती आणि घरात माणसं चौदा. दारात कळश्या मांडून ठेवलेल्या असायच्या. आम्ही कां-कूं करायला लागलो की ती कमरेवर हात ठेवून म्हणायची, "लढाया झाल्या असतील तर एकेक कळशी आणा. का रे, तुमच्या त्या मंगळावर पाणी कोण भरतं?"

आम्ही हसायचो. रशियाचा सेनापती असलेला माझा आतेभाऊ एकदा म्हणाला, "तिथे पाणीच नाही, आई." त्यावर आत्या म्हणाली, "मग भांडताय कशाला?"

पुढे आयुष्यभर मी त्या लढाया वाचत राहिलो. परक्या ग्रहावर दोन महासत्ता उतरतात, तळ उभारतात, एकमेकांवर तुटून पडतात, अशा कादंबऱ्या मला जिथे मिळतील तिथून मिळवल्या. कथा रंगात येते, तोफा धडाडतात, आणि नेमका त्याच वेळी कानाशी आत्याचा प्रश्न येतो.

या वाचनाची सुरुवात भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेल्या ज्यूल व्हर्नपासून झाली. 'चंद्रावर स्वारी' हे पुस्तक हातात आलं तेव्हा मला पहिलं आश्चर्य वाटलं ते नावाचं. आत्या यजमानांचं नाव घेत नसे. "स्वारी आली का बाजारातून?" असं विचारायची. आमचे काका छत्री टेकत फाटकातून आत येणार, तीही स्वारी, आणि तोफेच्या गोळ्यात बसून माणसं चंद्राकडे निघणार, तीही स्वारीच. नंतर ध्यानात आलं की अवकाशाविषयीचे आपले बरेचसे शब्द छावणीतून आलेत. आपण यान पाठवतो ती 'मोहीम' असते. त्यात बसून जाणारा 'अंतराळवीर' असतो. तो उतरेल तिथे 'तळ' पडतो. तळ वाढला की त्याची 'वसाहत' होते. वसाहत म्हणजे आम्हाला ठाऊक होती ती पोलीस वसाहत, रेल्वे वसाहत, पुढे अलिबागजवळ झालेली खत कारखान्याची वसाहत. एकसारख्या इमारती, गच्चीवर पाण्याच्या टाक्या, सकाळी पाण्याची वेळ झाली की बादल्यांचा आवाज. या एका शब्दाने मात्र तलवार ठेवून बादली उचलली, आणि म्हणून मला तो फार आवडतो.

मंगळाचं नावही दोन्हीकडून बोलतं. रोमन लोकांनी त्याला युद्धाचा देव केलं. १८७७च्या ऑगस्टमध्ये असाफ हॉल या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाला मंगळाचे दोन चंद्र दिसले. युद्धदेवाच्या त्या जोडीदारांची नावं पडली फोबोस आणि डीमॉस, म्हणजे भय आणि दहशत. आपल्या ज्योतिषातही मंगळ ग्रहमंडळाचा सेनापती. पण त्याचं आणखी एक नाव आहे, भौम. भूमीचा मुलगा. आत्याला हा ग्रह तिच्या पत्रिकेमुळे चांगला ठाऊक होता. मंगळ आहे म्हणून तिचं लग्न बरंच लांबलं होतं. "सेनापती कसला," ती म्हणायची, "माझी चार वर्षं खाल्ली मेल्यानं."

त्याच १८७७ साली इटलीत स्कियापरेली हा खगोलशास्त्रज्ञ दुर्बिणीतून मंगळाचा नकाशा काढत होता. त्याला तिथे बारीक रेघा दिसल्या. त्याने त्यांना 'कनाली' म्हटलं, म्हणजे नुसते प्रवाहाचे मार्ग. पण इंग्रजीत जाताना त्यांचे कालवे झाले आणि कालवे म्हटले की ते खोदणारे आलेच. अमेरिकेत पर्सिव्हल लॉवेलने अ‍ॅरिझोनात वेधशाळा बांधली आणि १८९५ साली पुस्तक लिहून मांडलं, की मंगळ वाळत चाललाय, तिथल्या शहाण्या लोकांनी ध्रुवांवरचं बर्फाचं पाणी विषुववृत्ताकडे आणायला ग्रहभर कालवे काढलेत. म्हणजे मंगळ हा मुळात एक दुष्काळी तालुका होता! हे वाचलं तेव्हा मला हसू आलं आणि लगेच दुसरं काही आठवलं. स्कियापरेली त्या रेघा काढत होता तेव्हा आपल्या दख्खनमध्ये १८७६-७८चा मोठा दुष्काळ चालू होता. सरकारी दुष्काळी कामांवर हजारो माणसं खडी फोडत होती, तलावांची माती उपसत होती. मंगळावरचे कालवे कुणी खोदले यावर युरोपात पुढे वर्षानुवर्षं वाद झाले. त्या दुष्काळी कामांतल्या म्हसवडच्या तलावाची माती कुणी वाहिली, हे कुणी विचारल्याचं माझ्या वाचनात नाही.

मंगळावरच्या लढाया सुरू झाल्या त्या या कल्पित दुष्काळातून. एच. जी. वेल्सचे मंगळवासी १८९८च्या 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स'मध्ये इंग्लंडवर चालून येतात, कारण त्यांचा ग्रह आटत आणि गारठत चाललाय. वेल्सचा मोठेपणा असा, की त्याने सुरुवातीलाच आपल्या वाचकांना टास्मानियाची आठवण करून दिली. युरोपी माणसांनी तिथल्या लोकांचं काय केलं ते आठवा, आणि मग मंगळवासीयांना नावं ठेवा. साम्राज्य भरात असताना लंडनच्या वाचकाला वेल्सने किनाऱ्यावर उभं केलं, जहाजाच्या डेकवरून खाली उतरवून. आपण कोकणातली माणसं. आपल्याला कुणी उतरवायची गरज नव्हती, आपण किनाऱ्यावरच होतो.

वेल्सनंतर चौदा वर्षांनी एडगर राइस बरोजने जॉन कार्टर नावाचा लढवय्या मंगळावर पाठवला. तलवारी, राजकन्या, हिरव्या आणि लाल मंगळवासीयांच्या लढाया. आमच्या थळच्या लढाईचा तो थोरला भाऊच. पण या सगळ्या धामधुमीत बरोजने एक गोष्ट अशी लिहून ठेवलीय की तिच्यासाठी मी त्याचे बाकीचे अपराध पोटात घालतो. त्याच्या मंगळावर हवा विरत चाललीय आणि ती पुरवणारा एक प्रचंड कारखाना आहे. तो चालवणारे दोघेच. लढायांच्या शेकडो पानांत त्यांना जेमतेम थोडी जागा. शेवटी एक दिवस कारखाना बंद पडतो. सगळा ग्रह गुदमरायला लागतो, राजे आणि सेनापती धापा टाकत आडवे पडतात. दार उघडायची गुप्त खूण नायकाला ठाऊक असते, तेवढं तो करतो. पण पुढे यंत्र चालू करण्याइतकी ताकदही त्याच्यात नसते आणि ते ज्ञानही नसतं. तिथे कोसळलेल्या माणसांतला एक जण म्हणतो, मला येतं, आणि पंपांकडे रांगत जातो. त्या माणसाला नाव नाही. सगळी लढाई जिच्यासाठी चालली होती ती दुनिया वाचवतो तो हा, आणि त्याच्या वाट्याला येतात चार ओळी. थळच्या वाळूत श्वास रोखून धावताना आम्हाला हे कळलं असतं तर सुरूच्या झाडाला आम्ही जरा मानाने हात लावला असता.

खऱ्या महासत्ता मंगळावर पोचल्या त्या १९७१च्या नोव्हेंबर-डिसेंबरात. अमेरिकेचं मरिनर-९ आधी पोचलं, १४ नोव्हेंबरला. पाठोपाठ रशियाची दोन यानं, मार्स-२ आणि मार्स-३. ग्रहावर तेव्हा धुळीचं इतकं मोठं वादळ होतं की वरून काहीच दिसत नव्हतं. मार्स-२चा उतरणारा भाग आदळून फुटला. त्याच्यावर सोव्हिएत संघाचं राजचिन्ह होतं, तेवढं मंगळाच्या मातीला मिळालं. २ डिसेंबरला मार्स-३ मात्र अलगद उतरलं. मंगळावर माणसाच्या हातची वस्तू पहिल्यांदा धड उतरली ती ही. तिने संदेश पाठवायला सुरुवात केली आणि सुमारे वीस सेकंदांत ती गप्प झाली, ती कायमची.

दुसऱ्याच दिवशी, ३ डिसेंबरच्या संध्याकाळी, आपल्याकडे पाकिस्तानशी युद्ध पेटलं. मुंबईत ब्लॅकआउट झाला. वडील सांगत, खिडक्यांना काळे कागद लावलेले, मोटारींचे दिवे अर्धे काळे फासलेले आणि चाळीच्या गॅलरीतून कधी नव्हे इतक्या चांदण्या दिसत होत्या. त्या दिवसांत मंगळ संध्याकाळच्या आकाशात होता. त्या अंधारात तो वडिलांना दिसलाही असेल. वीस सेकंद बोलून गप्प झालेली ती पेटी त्याच्यावर पडली होती, आणि इथे खाली सगळ्या मुंबईने दिवे मालवले होते.

मरिनर-९ने एक शहाणपणा केला. ते थांबलं. रशियाच्या यानांचा कार्यक्रम आधीच ठरलेला होता, त्यांनी बहुतेक फोटो धुळीचेच काढले. मरिनर धूळ बसेपर्यंत घिरट्या घालत राहिलं आणि मग वरून त्याने जे टिपलं त्यात कालवा एकही नव्हता. होत्या त्या कोरड्या नद्या. कधीकाळी पाणी वाहून नेलेली, वळणं घेतलेली, फाटे फुटलेली आटलेली पात्रं. लॉवेल चुकला होता, पण दुष्काळाच्या बाबतीत अगदीच चुकला नव्हता.

आता खांदेरी-उंदेरीकडे परत येतो. कारण आम्ही ज्या दोन बेटांना खेळातले तळ मानत होतो, ती खरोखरच दोन सत्तांचे तळ होती. १६७९ साली शिवाजी महाराजांनी खांदेरीवर किल्ला बांधायला घेतला. मुंबईच्या तोंडाशी ही चौकी म्हणजे इंग्रजांच्या डोळ्यात कुसळ. त्यांनी गलबतं पाठवली, वेढा घातला, तोफा डागल्या. इकडे महाराजांचा आरमारी सरदार मायनाक भंडारी बेटावर पाय रोवून होता आणि चुन्या-दगडांचं काम थांबत नव्हतं. इंग्रजांच्या मदतीला जंजिऱ्याचा सिद्दी आला. खांदेरी हाती लागत नाही म्हटल्यावर १६८०च्या जानेवारीत त्याने शेजारचं उंदेरी बळकावलं आणि तिथे आपली तटबंदी उभारली. मुंगीच्या पावलाएवढे दोन खडक, समोरासमोर दोन तोफखाने. परग्रहावरची लढाई याहून वेगळी काय असते?

पण इंग्रज जिंकले का नाहीत, त्याचं कारण त्यांच्याच कागदपत्रांत आहे. त्यांची गलबतं उंच, जड, वाऱ्यावर अवलंबून. रात्र झाली की किनाऱ्यावरून लहान लहान होड्या वल्ही मारत निघायच्या, उथळ पाण्यातून, खडक चुकवत, आणि धान्य, दारूगोळा, माणसं बेटावर उतरवून उजाडायच्या आत परत. इंग्रजांना त्या पकडता आल्या नाहीत. मायनाक भंडारी आणि दुसरा आरमारी सरदार दौलतखान यांची नावं इतिहासात आली, यायलाच हवी होती. त्या होड्या वल्हवणाऱ्या हातांची नावं कुठेच नाहीत. थळच्या कोळीवाड्यात त्यांचे वंशज असतील. खांदेरीवरच्या वेताळाला ते आजही मानतात. खांदेरीवर एक खडक आहे, दगडाने वाजवला तर भांड्यासारखा खणखणतो. लहानपणी मला तो आवाज रिकाम्या कळशीचा वाटायचा.

कुणी म्हणेल, कोकण काही ओसाड ग्रह नव्हता, इथे माणसं होती. खरंय. मग ओसाड ठिकाणाचंच उदाहरण घेऊ. मॉरिशस. त्या बेटावर मूळ माणूस नव्हताच. १६३८ साली डचांनी वसाहत केली, ऊस लावला, डोडो पक्षी संपवला आणि १७१० साली ते निघून गेले. मग फ्रेंच आले. १८१०च्या ऑगस्टमध्ये ग्रँड पोर्टच्या खाडीत फ्रेंच आणि इंग्रज गलबतांची मोठी लढाई झाली. फ्रेंच जिंकले. पॅरिसच्या विजयकमानीवर त्या लढाईचं नाव कोरलेलं आहे. गंमत अशी, की दोन्हीकडचे जखमी प्रमुख एकाच घरात उपचाराला होते. आज त्या घरात संग्रहालय आहे. डिसेंबरपर्यंत इंग्रजांनी बेट घेतलं. इथे कादंबरी संपते. निशाण बदललं, तोफांची सलामी झाली, पुस्तक मिटलं.

बेटाची गोष्ट मात्र इथून पुढे सुरू होते. उसाला पाणी कोण घालणार? आधी गुलाम होते. १८३५ साली गुलामी बंद झाली. त्याच्या आदल्या वर्षापासून हिंदुस्थानातून करारावर मजूर न्यायला सुरुवात झाली होती. १९२०पर्यंत सुमारे साडेचार लाख माणसं पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरली. धक्क्यावरून वर जायला सोळा दगडी पायऱ्या आहेत. या माणसांत बिहारचे भोजपुरी होते, तमिळ, तेलुगू होते आणि मुंबई बंदरातून नेलेले कोकणातले आपले लोकही होते. उसाच्या मळ्यात राबून त्यांनी गणपती टिकवला, जाखडी टिकवली. तिथे तिला झाकरी म्हणतात. गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते. तीन साम्राज्यांनी ते बेट आपलं म्हटलं. आज तिथे राहतात ते बहुतेक त्यांच्यासाठी राबलेल्यांचे वंशज.

परग्रहांवरच्या लढायांच्या साहित्यातली एकच कादंबरी मला आत्याला वाचून दाखवावीशी वाटते. जो हॉल्डेमन व्हिएतनाममध्ये जखमी होऊन परतला आणि १९७४ साली त्याने 'द फॉरेव्हर वॉर' लिहिली. त्यातला शिपाई ताऱ्यांजवळ लढायला जातो. त्याची थोडीच वर्षं सरतात, पृथ्वीवर मात्र शतकं उलटतात. अखेरीस कळतं की हजार वर्षं चाललेली ती लढाई गैरसमजातून पेटली होती. आत्याचा दुसरा प्रश्न, "मग भांडताय कशाला?", एका शिपायाने दोनशेच्या वर पानं खर्चून विचारला.

आता भांडण खरंच पाण्यावर आलंय. १९६७च्या करारात देशांनी कबूल केलं, की चंद्र आणि ग्रह कुणाच्या मालकीचे नाहीत, तिथे लष्करी तळ नकोत. पण २००९ साली आपल्या चांद्रयान-१वरच्या उपकरणाने चंद्रावर पाण्याच्या खुणा दाखवल्या. तेव्हापासून सगळ्यांच्या नजरा दक्षिण ध्रुवाच्या सावलीतल्या बर्फावर आहेत. २०२३च्या ऑगस्टमध्ये रशियाचं लूना-२५ तिकडे जाताना कोसळलं आणि चारच दिवसांनी चांद्रयान-३ उतरलं. अमेरिका आपल्या गोटातले देश जमवतेय, चीन आणि रशिया आपले. कुणाच्या तळाभोवती किती जागा सोडायची याच्या अटी आत्ताच लिहिल्या जातायत. खांदेरीने उंदेरीकडे बघावं तसं एकमेकांकडे बघणं चालू आहे. पृथ्वीभोवतीच्या अवकाशस्थानकात माणसांचा घाम, लघवी, उच्छ्वासातला ओलावा गोळा करून त्यातलं ९८ टक्के पाणी पुन्हा प्यायच्या लायकीचं करतात. ते यंत्र बिघडलं की अंतराळवीर पाना घेऊन त्याच्यापुढे बसतो. वीर या शब्दाला तिथे खरी परीक्षा द्यावी लागते.

आपल्याकडे 'अमक्याच्या घरी पाणी भरतो' म्हणजे त्याच्यापुढे हलका ठरला. याच भाषेत एकनाथांच्या घरी प्रत्यक्ष देव श्रीखंड्या होऊन पाणी भरत होता. एकाच कामाला आपण हलकंही म्हटलं आणि देवपणही दिलं.

आत्या जाऊन बरीच वर्षं झाली. घरात नळ आला, विहिरीवर जाळी बसली. मागच्या वर्षी थळला गेलो तेव्हा तिचा पणतू ओटीवर मोबाइलवर खेळत होता. लाल ग्रह, दोन सत्ता, झकास लढाई. मी शेजारी बसलो आणि विचारलं, "अरे, तुझ्या तळावर पाणी कुठून येतं?" त्याने मान वर न करता सांगितलं, "ते आपोआप भरतं, आजोबा."

२००८च्या जूनमध्ये फिनिक्स नावाच्या यानाने मंगळाच्या उत्तरेकडच्या मातीत लहानसा चर खणला. तळाशी पांढरे खडे उघडे पडले, फाशांएवढे. ते बर्फ होतं. चार दिवसांनी पुन्हा फोटो काढला तेव्हा खडे नव्हते. पाणी हवेत उडून गेलं होतं. भरून ठेवायला तिथे कुणी नव्हतं.